कौसल्याचा तिसरा डाव

माझी बायको कौसल्या कोणताबी व्हिडिओ गेम तीनदा हरल्याशिवाय विकायला ठेवत नव्हती. मुद्दाम हरायची. आमचं सोबतचं शेवटचं काम बी तेच. त्या सांजेला दुकानात दोन स्टुलांवर बसून ती हरत होती अन् मी वैतागून जिंकत होतो.

उस्मानपुऱ्यात आमचं टीव्हीवर खेळायच्या गेमचं दुकान. दिवाळीसाठी चाळीस मशिना मागवल्या होत्या. प्रत्येकीसोबत एक गेम फुकट, पण सगळ्यांत एकच. तो कोणता, हे ठोक व्यापाऱ्याला सांगायचं होतं. माझं म्हणणं, मारामारीचा द्या. पोरं तोच मागतात, वाद कशाला?

"जिंकणाऱ्याचं ठीकाय," ती म्हणायची. "हरणाऱ्याचं काय?"

हे तिचं पालुपद. शेजारचे युनूसभाई टेलर हसायचे. "भाभी, कभी तो जीतो!"

"जिंकून गेमचं काय कळतंय, भाईजान? हरलेला रिमोट फेकतो का अजून एक डाव म्हणतो, ते बघावं लागतं. घरात दोन लेकरं असत्यात. एक हरणारच."

सगळीकडंच तिचं असं. निवडणुकीत सारी गल्ली निवडून आलेल्याचा गुलाल उधळत होती, तर ही थर्मास घेऊन पडलेल्याच्या घरी. पाण्याची तक्रार घेऊन बाई आली, असं वाटून तो गडी मागच्या दारानं पळाला. हिनं त्याच्या आईला चहा पाजला अन् आली. मी लई बोललो.

"तुम्ही सातवी नापास," ती म्हणली. "ते ऐकून माझा बाप लग्नाच्या बैठकीतून उठलाच होता. तवा आतून चहा मीच पाठवला होता."

मी थर्मास विसळून ठेवला.

तर त्या सांजेला मारामारीत ती तीनदा हरली. "नको हा. पडलेल्याला वरून लाथा मारत्यात." मग गाड्यांच्या शर्यतीचा लावला. त्यात दोनदा हरली. दुसऱ्यांदा तर तिची गाडी भिंतीला तोंड लावून बसली, अन् ही खो-खो हसायली.

"तिसरा डाव उद्या. पाठ भरून आलीय."

"आत्ताच हर की! व्यापारी डोकं खायलाय माझं."

"हरायला बी ताकद लागती," म्हणली अन् रिमोट स्टुलावर ठेवला.

पहाटं ती उठलीच नाय. डॉक्टर म्हणले, झोपेत गेली.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं. व्यापाऱ्याचा निरोप होता, काका, आज सांगाच. तिचा रिमोट स्टुलावर तसाच. मी शर्यत लावली, दोघांची. माझी गाडी सुटली, तिची जागेवरच. आडवं यायला कुणी नव्हतं. बघता बघता शेवटची रेघ समोर आली. ती ओलांडली की तिचं तिसऱ्यांदा हरणं पुरं होणार होतं.

मी गाडी थांबवली. उलटी फिरवली. पडद्यावर लाल इंग्रजी अक्षरं लुकलुकायली. मला वाचता येत नाय, पण ओरडत होती एवढं कळलं. सगळा रस्ता मागं आलो अन् तिच्या गाडीशेजारी माझी लावली.

मग फोन केला. "गाड्यांचाच द्या," म्हणलं. अन् पहिलं गिऱ्हाईक येईस्तोवर दोन्ही गाड्या तशाच उभ्या ठेवल्या.