बरंवाईट होईपर्यंत

"महिनाअखेर जागा रिकामी करा," घरमालक दारातूनच म्हणाले. आत या, बसा, असं म्हणायचीही सोय त्यांनी ठेवली नाही.

बाबांचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. "अहो, करार पुढच्या वर्षापर्यंतचा आहे."

"मला सांगताय? तो करार मीच टाइप केलाय."

हे खरं होतं. वरच्या मजल्यावर राहणारे घरमालक कोर्टातल्या टायपिस्टच्या नोकरीतून निवृत्त झाले होते, आणि नोकरी सुटली तरी शब्दांची खोड काही सुटली नव्हती. "येतो" म्हणून गेलेला माणूस आला नाही, तर त्याला ते खोटारडा समजत.

"आणि आजोबांचं काय करू?" आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. "डॉक्टर म्हणालेत, पलंगावरून हलवू नका. उचलून न्यायला गेलं तर वाटेतच..." पुढचं तिने गिळलं.

आतल्या खोलीतून आजोबांचा खोकला ऐकू आला. खोकला कसला, रिकामा डबा जिन्यावरून गडगडत जावा तसा आवाज. घरमालकांनी तो कान देऊन ऐकला. त्यांच्या चेहऱ्यावर हिशेब उमटला, आणि मग जरा माणुसकीही उमटली.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मी काही राक्षस नाही. त्यांचं काही बरंवाईट होईपर्यंत राहा. ते झालं की लगेच किल्ली. शब्द?"

"शब्द," बाबा म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय कबूल केलं. आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की चहाच गार झाला.

हे सगळं दाराआड उभी राहून ऐकत होती ती त्यांची नववीतली मुलगी. तिला घरात भोंगी म्हणत. आठवीपर्यंत ही मुलगी वर्गात हजेरीलाही पुटपुटायची. पण वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस काय मिळालं, तेव्हापासून तिचं तोंड मिटलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून घरमालक सकाळ-संध्याकाळ चौकशीला येऊ लागले.

"कसे आहेत?"

"आहेत," बाबा म्हणत.

"आहेत का!" असं म्हणून ते नि:श्वास टाकत. तो सुटकेचा नव्हता, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

आतून आजोबा विचारत, "आला होता का गं माझा हितचिंतक? काय म्हणाला, अजून किती वेळ लावणार?" आणि स्वत:च हसत, मग खोकत.

असेच दिवस चालले असते. पण एका संध्याकाळी जिन्यात घरमालक स्वत:शीच पुटपुटत बसले होते. "काही होतही नाही. ना बरं, ना वाईट."

शाळेतून येणारी भोंगी थबकली. त्याच दिवशी वर्गात समास शिकवले होते, आणि तिच्या डोक्यातून ते नुसते सांडत होते.

"काका, पण तुम्ही म्हणालात ना, बरंवाईट? तो वैकल्पिक द्वंद्व समास आहे!"

"म्हणजे?"

"विग्रह करायचा, बरं किंवा वाईट. दोन्हींतलं कुठलंही एक. परीक्षेत हमखास येतं!"

घरमालक हळूच उभे राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द टाइप केलेल्या माणसाला आपलाच शब्द एवढा मोठा निघेल, याची कल्पना नव्हती. "किंवा," ते म्हणाले. "म्हणजे बरं झालं तरी चालेल!"

"चालेल म्हणजे काय, धावेल!" भोंगी म्हणाली, आणि घरात शिरून दप्तर फेकता फेकता आईला ते सांगितलंही. आईच्या हातातली चाळणी खाली पडली.

"कार्टे! काय करून बसलीस!"

"मी काय केलं? बरोबर उत्तर दिलं!"

रात्रीच्या जेवणाआधी वरून गरम सूप आलं. सकाळी फळं आली. मग मालिश करणारा माणूस आला, त्याचे पैसे घरमालकच देणार होते. "आजोबा, पाय हलवा! हां, शाब्बास!" असं ते पलंगाशी उभं राहून ओरडत. एवढी सेवा पोटच्या पोरानेही केली नव्हती, आणि पोटचं पोर तिथेच उभं राहून घामाघूम होत होतं.

कारण आजोबा खरोखर बरे होऊ लागले. खोकला थांबला. गालांवर रंग आला. एक दिवस ते उशीला टेकून बसले, आणि बाबांनी धावत जाऊन खिडकीचा पडदा ओढला.

"अण्णा, झोपा! जिन्यावरून दिसेल!"

आजोबा झोपले नाहीत. त्यांनी सगळ्यांना पलंगाशी बोलावलं.

"मेलो तर घर जातं, बरा झालो तर घर जातं," ते म्हणाले. "मग मी नेमकं करायचं काय, ते तरी एकदा ठरवा."

"तुम्ही... आहात तसेच राहा," आई बोलून गेली.

बोलली आणि तिने पदर तोंडात कोंबला. बाबा जमिनीकडे बघत राहिले.

"तसा राहून पाहिलं गं," आजोबा हळूच म्हणाले. "त्याचाही कंटाळा येतो."

त्यांनी पाय खाली सोडले. संध्याकाळी घरमालक आले, तेव्हा आजोबा भिंत धरून दारात उभे होते. बाबांना किल्ली शोधताना खिसेच सापडेनात.

घरमालक मात्र किल्ली न घेता मटकन खुर्चीत बसले. "जमलं एकदाचं," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. "आमच्या हिला गुडघ्यांमुळे जिना उतरता येत नाही. दोन वर्षं वरच कोंडलीय. खाली यायला मिळावं, एवढंच मागते."

"अहो, मग सांगायचंत!"

"तुम्ही विचारलंत?"

भोंगीला राहवेना. "पण काका, तुम्ही खाली आलात की वरची जागा रिकामी ना?"

घरमालक आजोबांच्या पायांकडे टक लावून पाहू लागले. "चढतील?"

आजोबा चढले. प्रत्येक पायरीवर थांबत, बाबांच्या खांद्याचा चेंदामेंदा करत, पण चढले. उतरणं काही आता पुन्हा व्हायचं नाही, हे त्यांना पहिल्या वळणावरच कळलं होतं. तसं ते म्हणालेही. बाबांनी न ऐकल्यासारखं केलं.

घरांची अदलाबदल झाल्यावर पहिल्याच आठवड्यात घरमालक धापा टाकत वर आले. डोळे लाल झाले होते. आजोबा काठी टेकत खोलीभर फेऱ्या मारत होते, बरोबर खालच्या पलंगाच्या डोक्यावर.

"आजोबा, पहाटेपासून ठकठक! हिला झोप नाही, मला झोप नाही. हे असं किती दिवस चालणार?"

आजोबा भिंतीपाशी वळले.

"डॉक्टर म्हणतात, रोज चाललो तर पुष्कळ वर्षं."