टाकी गळते कुणाची?

हैफातल्या त्या जुन्या इमारतीच्या गच्चीवर तीन घरांच्या तीन टाक्या होत्या आणि त्यांतली एक गळत होती. कुणाची, यावरून हिवाळाभर शेजाऱ्यांचं बोलणं बंद होतं. ओल मात्र धर्म न विचारता सगळ्यांच्या भिंतींवर पसरत होती. शेवटी रमजानातल्या एका शुक्रवारी दुपारी तिघं निकाल लावायला वर चढले: वरच्या मजल्यावरचा निवृत्त बसड्रायव्हर मुनीर झोअबी, मधल्या मजल्यावर शिवणकाम करणारी ख्रिस्ती सल्वा खूरी आणि तळमजल्यावरची ज्यू विधवा झेहावा पेरेत्स. मागून वाऱ्यानं दार धाडकन लागलं. मुनीरनं कडी ओढली, तर ती हातातच आली.

"फोन?" झेहावानं विचारलं.

तिघांचेही खालीच होते.

"बसची दारंही अशीच उपटायचास का रे? सूर्य मावळायच्या आत मला शब्बाथच्या मेणबत्त्या लावायच्यात!"

"आणि माझा रोजा सुटायचाय, त्याचं काय?"

"प्रभू येशू, तूच सोडव रे बाबा!" सल्वानं आभाळाकडे पाहिलं.

"त्याला कशाला मध्ये घेतेस?" झेहावा म्हणाली. "आमच्याच नाझरेथचा मुलगा. भला असेल. पण मसीहा अजून यायचाय."

"येऊन गेला! देवाचा पुत्र होता. क्रुसावर मेला नि तिसऱ्या दिवशी उठला."

"देवाला पुत्र नसतो, बहिणी," मुनीरला राहवेना. "ईसा पैगंबर आम्हालाही शिरसावंद्य. पण तो क्रुसावर मेलाच नाही. अल्लानं त्याला वर उचलून घेतलं. परत येणार आहे तो."

"परत येणार हे तर मीही म्हणते!"

"मग येताना कुलूपवाल्याला घेऊन ये म्हणावं," झेहावा म्हणाली.

हाका मारून तिघांचे घसे बसले. खालच्या रस्त्यावरच्या गाड्यांच्या गोंगाटात कुणालाच ऐकू जाईना. तेव्हा प्रार्थना करायचं ठरलं. सल्वा पूर्वेकडे वळली. झेहावा जेरुसलेमकडे आणि मुनीर मक्केकडे तोंड करून उभे राहिले; पण हैफाहून दोन्ही दक्षिणेलाच, त्यामुळे दोघं टाक्यांसमोर कोपराला कोपर लावून उभे.

"सरक जरा."

"तूच थांब की! माझं जेरुसलेम जवळ आहे, पटकन आटपेल."

मुनीरनं सज्दा केला, कपाळ जमिनीला टेकलं आणि डोळा टाकीखाली गेला. अगदी तळाशी, भिंतीलगतच्या पाइपातून थेंब थेंब पाणी पडत होतं. पाइपावर हिरवी चिंधी होती. आपला पाइप ओळखू यावा म्हणून ती त्यानंच बांधलेली. त्याचं डोकं वर येईना.

"केवढी मोठी दुआ मागतोय!" सल्वा कुजबुजली.

नमाज संपवून मुनीर बसून राहिला. त्या जागेवर नजर जायला दोघींना जमिनीवर आडवंच व्हावं लागलं असतं. पण तोंडात रोजा, कपाळाला नमाजाची धूळ. खोटं बोलायचं तरी कसं?

"टाकी माझी आहे," तो म्हणाला, आणि त्यानं आपला कॉक बंद केला. "हिवाळाभर तुम्हाला नको नको ते बोललो. माफ करा."

सल्वाचे डोळे भरून आले. "मी तर तू मागायच्या आधीच केलं. आमच्या प्रभूनं तसंच शिकवलंय."

"माझं एवढं स्वस्तात नाही," झेहावा म्हणाली. "आमच्यात माणसाचं मन दुखावलं तर देवही परस्पर माफ करत नाही. त्या माणसाकडेच मागावी लागते. तीनदा!"

"चुकलं माझं."

"हूं."

"चुकलं, झेहावा."

"अजून एक राहिलं."

एवढ्यात दार आतून उघडलं. दारात मुनीरची बायको हियाम, हातात डाळीच्या सूपचा डाव. "इफ्तारच्या वेळेला पाणी कुणी बंद केलं?"

"ऐकली! प्रार्थना ऐकली!" तिघं एकदम ओरडले, आणि कुणाची ऐकली यावर तोंड उघडणार, तोच हियामनं विचारलं, "आणि हा माफी कसली मागतोय?"

झेहावानं सगळं सांगितलं. तीनदाचा नियमही.

"असं?" हियाम नवऱ्याकडे वळली. "टाकी आपलीच आहे, असं मी घसा फोडून सांगत होते, तेव्हा काय म्हणालास? बायकांना नळातलं कळत नाही!"

झेहावानं तिसऱ्या माफीचं मागाहून बघू म्हणत जिना गाठला आणि मेणबत्त्या वेळेत लावल्या. हियामनं सल्वाला सूप प्यायला थांबवून घेतलं. अजान झाली, मुनीरनं खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

"हियाम, चुकलं माझं."

"भांड्यांच्या आवाजात काही ऐकू आलं नाही," हियाम म्हणाली. "पहिल्यापासून म्हण."