खुन्याच्या कोटाचं बटण

"शेवट मला आधीपासून माहीत होता!"

शिंप्याने भर दुकानात हे जाहीर केलं तेव्हा त्याच्या ओठांत चार टाचण्या होत्या. त्यामुळे गिऱ्हाइकाला धड काही कळलं नाही, आणि गोष्ट तिथेच मिटली असती. पण या पठ्ठ्याने टाचण्या काढून हातावर ठेवल्या आणि तेच वाक्य पुन्हा, स्वच्छ म्हटलं. काही लोकांचं संकटाला एकदा बोलावून भागत नाही!

"खुन्याचा कोट मी शिवलाय, साहेब. शिवणाऱ्याला खुनी माहीत नसेल, तर कुणाला असणार?"

'उंबऱ्यावरचा माणूस' ही रहस्यमालिका बत्तीस भाग चालून नुकतीच संपली होती, आणि संपल्यापासूनच खरी भांडणं सुरू झाली होती. शेवटच्या दृश्यात खुनी दारात उभा राहतो. चेहरा अंधारात. दिसतो फक्त एक हात. तो हात सावकाश कोटाचं बटण लावतो, आणि समाप्त! ना नाव, ना चेहरा. बत्तीस आठवडे जेवणं पुढेमागे करून बसलेल्या माणसांच्या पदरात काय पडलं, तर एक बटण!

लगेच दोन तट पडले. फसवणूकवाले म्हणत, लेखकालाच शेवट सुचला नाही, आपल्याला उल्लू बनवलं. भाऊवाले म्हणत, डोळे उघडून बघा! काळ्या कोटाची बाकी बटणं काळी आणि हे एकच तपकिरी. म्हणजे कोट ज्याच्यावर संशय होता त्या डॉक्टरचा नाहीच, चौथ्या भागात बटण तुटून नदीत बुडून मेलेल्या त्याच्या भावाचा आहे. भाऊ जिवंत आहे!

फसवणूकवाल्यांचा म्होरक्या कोपऱ्यावरचा औषधवाला. भाऊवाल्यांचे सेनापती शिंप्याचे सासरे. हे दोघे तीस वर्षांचे मित्र. रोज संध्याकाळी बरोबर फिरायला जायचे. आताही त्याच वेळेला जात होते, पण एक रस्त्याच्या या बाजूने आणि दुसरा त्या बाजूने.

सासरे वीज कंपनीतून मीटर तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. सीलवर नखाएवढा ओरखडा दिसला तरी चोराच्या दारात उभे! अशा माणसाला जावई शिंपी मिळाला, याचं बारा वर्षांत त्यांना कधी कौतुक वाटलं नव्हतं. पाहुण्यांना ओळख करून देताना ते "हे आमच्या मुलीचे यजमान" एवढंच म्हणत आणि विषय बदलत. आता मात्र ते दुकानात येऊन बसू लागले.

"जावईबापू, एकच विचारतो. ते तपकिरी बटण चुकून लागलं की मुद्दाम?"

शिंप्याने कैची खाली ठेवली. खरं सांगायचं तर खुन्याबद्दल त्याला एवढंच माहीत होतं, की छाती बेचाळीस आणि डावा खांदा थोडा उतरता. पण सासरे त्याच्याकडे पहिल्यांदाच एखाद्या साहेबाकडे बघावं तसे बघत होते.

"काही गोष्टी बोलायच्या नसतात, बाबा," तो म्हणाला.

"समजलो!" सासऱ्यांनी मांडीवर थाप मारली. "मुद्दाम!"

त्या दिवसापासून तो 'आमचे जावई' झाला. शिंप्याच्या गळ्यातली टेप दोन बोटं वर चढली. लाज वाटायला हवी होती, आणि वाटतही होती, पण कौतुकाची चव लागलेल्या माणसाला लाज जरा उशिराच पोचते.

आता तुम्हाला ते बटण कुठून आलं हे सांगायला हवं. शिंप्याने ते कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

शेवटच्या दृश्याच्या दिवशी कोट इस्त्री करताना शिंप्याचं लक्ष मोबाइलवर होतं. चर्र झालं! मधलं प्लॅस्टिकचं बटण वितळून इस्त्रीच्या बुडाला चिकटलं. तासाभरात कोट न्यायला गाडी येणार, आणि दृश्यच बटण लावण्याचं! डबे उपसले, त्या मापाचं बटण नाही. तेवढ्यात खुंटीवर अस्तर बदलायला आलेला सासऱ्यांचा कोट दिसला. खऱ्या शिंगाची चार बटणं, माप तंतोतंत. रंग तपकिरी, पण अंधारात कोण बघतंय? शिंप्याने एक बटण कापलं. दोन दिवसांत परत लावू, असं त्याने स्वतःला बजावलं. मात्र त्याच संध्याकाळी तो बाहेर गेला असताना बायको दुकानात आली आणि "बाबांना थंडी वाजतेय" म्हणून कोट घेऊन गेली.

ती बटणं सासूबाईंनी सात दुकानं पालथी घालून आणलेली होती. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली होती. कापड विटलं म्हणून कोट दोनदा उसवून उलट बाजूने शिवून झाला, बटणं तीच.

चार दिवसांनी सासऱ्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी दोष स्वतःलाच दिला. "माझ्याच हातून कुठेतरी पडलं. म्हातारा झालो." ते पलंगाखाली शिरले, कपाट सरकवलं, रस्ताभर मान खाली घालून दोनदा चालून आले. पलंगाखाली शोधताना टॉर्च कुणी धरला होता? आपल्या शिंप्याने! "जरा डावीकडे धरा," असं सासरे धुळीतून म्हणाले, आणि त्याने डावीकडे धरला. शेवटी त्याने एक साधं काळं बटण लावून दिलं आणि मजुरी घेतली नाही. त्याबद्दल सासऱ्यांनी त्याचे आभार मानले.

सांगायचं रोज ठरायचं. रोज सासरे येऊन म्हणायचे, "आमच्या जावयांसारखा विश्वासू माणूस नाही," आणि रोज शिंपी सांगणं उद्यावर ढकलायचा.

मग तिसऱ्या महिन्यात औषधवाल्याने आव्हान दिलं, होऊन जाऊ दे समोरासमोर! रविवारी सकाळी वाचनालयाच्या सभागृहात साठ माणसं जमली. ग्रंथपालबाईंनी पडद्यावर शेवटचं दृश्य मोठं करून दाखवायची सोय केली. शिंप्याला पहिल्या रांगेत खुर्ची होती, मुख्य साक्षीदार म्हणून. त्याने पोटदुखीचा बेत केला होता, पण ऐन वेळी बायकोने औषध पाजलं. तेही औषधवाल्याच्याच दुकानातलं.

सासरे उठले. अंगात तोच कोट! त्यांनी हातात छडी घेतली.

"मंडळी, वितळवून साच्यात ओतलेलं हे बटण नव्हे. हे शिंगाचं. बाई, मोठं करा! अजून मोठं!"

पडद्यावर बटण ताटाएवढं झालं. शेजारी बसलेली बायको पुढे झुकली. मग तिने त्याचा दंड धरला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "हे आईचं बटण आहे."

"श्श! शिंगाची बटणं सारखीच दिसतात."

"ट्रंकेच्या झाकणात सापडून टवका उडालाय त्याचा. माझ्याच हातून! मी मार खाल्लाय त्याच्यासाठी!"

पुढे सासऱ्यांचा आवाज खणखणत होता. "आणि हे बघा, कडेला तांदळाएवढा टवका. म्हणजे बटण जुनं आहे, वापरातलं आहे, कुणीतरी जपलेलं..."

छडी टवक्यावर थांबली. आवाजही थांबला.

सासऱ्यांनी सावकाश मान खाली घालून स्वतःच्या कोटाकडे पाहिलं. तीन बटणं तपकिरी, एक काळं. मग पडद्याकडे. मग पुन्हा कोटाकडे.

"वा! वा!" भाऊवाले ओरडले. "प्रात्यक्षिकासाठी कोटसुद्धा तसाच आणलाय!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

फक्त औषधवाला टाळ्या वाजवत नव्हता. तीस वर्षं बरोबर चाललेल्या माणसाला मित्राचा चेहरा कळतो. तो उभा राहिला.

"टाळ्या पुरे! शिवणारा समोर बसलाय, त्यालाच विचारा. बटण कुठून आलं हो?"

शिंपी उठला. धरणी दुभंगेल तर बरं असं वाटून त्याने खाली पाहिलं, पण वाचनालयाची फरशी नवी आणि मजबूत होती.

"इस्त्रीत वितळलं," तो म्हणाला. "त्यांचं बटण वितळलं. गाडी यायची होती. म्हणून मी बाबांच्या कोटाचं... परत लावणार होतो. आईंचं आहे हे माहीत होतं मला. तरी कापलं."

सभागृहात एकदम गलका उडाला.

"म्हणजे भाऊ मेलेलाच?"

"तीन महिने मी घरच्यांशी भांडतोय या बटणावरून!"

"मी सांगत नव्हतो, फसवणूक आहे म्हणून?"

मागून एक बाई ओरडल्या, "अहो, पण तुम्हाला शेवट माहीत होता ना? मग खुनी कोण?"

"छाती बेचाळीस," शिंपी पुटपुटला. "याहून जास्त मला काही माहीत नाही."

लोक हसले. ते हसणं त्याला परवडलं असतं. पण सासरे हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. ते छडी खाली ठेवून एवढंच म्हणाले, "मी पलंगाखाली शोधत होतो." मग म्हणाले, "तुम्ही टॉर्च धरला होतात, जावईबापू."

औषधवाल्याने त्यांना हात धरून बाहेर नेलं. त्या दिवशी दोघे रस्त्याच्या एकाच बाजूने घरी गेले. शिंपी मात्र बायकोच्या वीस पावलं मागून चालत होता, कारण तसं तिने सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मालिकेच्या कपडेविभागातल्या बाईंना फोन केला. "ताई, ते बटण मला परत हवंय. बदल्यात आख्खा कोट नवा शिवून देतो!"

"भलतंच काय!" बाई किंचाळल्या. "त्या बटणाला कुणी हात लावायचा नाही! लोकांचा वाद बघून लेखकाने पुढचे बत्तीस भाग त्याच्यावरच लिहिलेत. भाऊ जिवंत निघतो. कोट कुलपात आहे!"

शिंपी धावत सासऱ्यांकडे गेला आणि दारातूनच ओरडला, "बाबा, तुमचं बरोबर होतं! भाऊच खुनी! लेखकानेच आता तसं ठरवलंय!"

"आणि बटण?"

"ते... बत्तीस भागांनंतर मिळेल."

सासऱ्यांनी दार हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर शिंप्याला बरं वाटलं असतं.

नव्या पर्वाचा पहिला भाग सगळ्यांनी सासऱ्यांच्या घरी पाहिला. औषधवाला अजून जुन्या शेवटाला शिव्या देत होता, म्हणजे सगळं पूर्ववत झालं होतं. पडद्यावर बटण चमकलं तशी सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. "हिचं बटण," ते औषधवाल्याला म्हणाले. "नीट दाखवत नाहीत लेकाचे." शिंपी दाराजवळच्या स्टुलावर बसला होता. खुर्ची रिकामी होती, पण 'बसा' असं त्याला कुणी म्हणालं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात, भर दुपारी, सासरे कोट घेऊन दुकानात आले. बाहीचं अस्तर उसवलं होतं. शिंप्याला भरून आलं. इतकं होऊनही कोट आपल्याकडेच आणला!

"ठेवून जा, बाबा. संध्याकाळी घरी पोचवतो."

"नको, थांबतो," सासरे म्हणाले. त्यांनी स्टूल ओढून मशीनला चिकटवलं, त्यावर ऐसपैस बसले, खिशातून टॉर्च काढला आणि लख्ख उजेडात शिंप्याच्या बोटांवर झोत सोडला.

"चालू द्या, जावईबापू. आज मी धरतो."