त्याला सांग

बळवंताशी बोलायचं नाही, असं गणपतरावांनी ठरवलं ते एका सोमवारी. पोरानं इंटरचं वर्ष मध्येच सोडलं होतं आणि वर तोंड करून सांगितलं होतं, की मास्तर वीस वर्षांपूर्वीच्या वह्या वाचून दाखवतात, त्या मी घरी बसून वाचीन. ते खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं. (वडीलधाऱ्यांना खोटं खपतं. खरं बोललं की उद्धटपणा होतो.)

तेव्हापासून बापलेकांचं सगळं बोलणं बळवंताच्या आईच्या, म्हणजे आक्काच्या, तोंडून चालू झालं. तिघं हाताच्या अंतरावर जेवायला बसत. 'त्याला सांग, मीठ सरकव,' असं बापानं म्हणायचं, 'मीठ सरकव रे,' असं आईनं म्हणायचं, मग मीठ सरकायचं. गल्लीत एक सासरा-जावई अकरा वर्षं असेच बोलत होते, आणि लोक त्या घराला वळण आहे म्हणत.

हे असंच चाललं असतं. पण संस्थान विलीन झालं, आणि दरबारच्या कचेरीत सव्वीस वर्षं मोडीत टिपणं लिहिणाऱ्या गणपतरावांना नव्या सरकारचा हुकूम आला : तीन महिन्यांत इंग्रजीची तोंडी परीक्षा द्या, नाहीतर घरी बसा. ते घरी बसले तर बळवंतानं इचलकरंजीला मामाच्या मागावर कापड विणायला जायचं, हे ठरून गेलं होतं. (बळवंताला कुणी विचारलं नव्हतं.)

बळवंताला माग नको होता. म्हणून तो बापाला शिकवायला बसला. मध्ये आक्का, तांदूळ निवडत.

"आबांना सांग, कर्ता एकटा असला की क्रियापदाला एस लागतो. ही गोज. कर्ते बरेच झाले की एस गळतो. दे गो."

"एकटा असला की शेपटी, घोळका असला की बिनशेपटीचं," आक्कानं पुढं सांगितलं.

"त्याला विचार, एकट्याला जादा आणि चौघांना कमी, ह्यो कुठला न्याय?"

"ह्यो कुठला न्याय, म्हणत्यात."

"सांग, सव्वीस वर्षं कचेरीत बघितला तोच."

आक्कानं हे पुढं पोचवलं नाही. तांदळातला खडा मात्र जोरात भिरकावला.

तीन महिने असे गेले. बळवंतानं काही विचारलं की गणपतराव आढ्याकडं बघत. आक्कानं तेच पुन्हा विचारलं की उत्तर येई, तेही आक्काला. उत्तरं मात्र बरोबर यायला लागली. बळवंताची छाती फुगली. म्हाताऱ्याला आपण वळवला, असं त्याला वाटलं.

परीक्षा घ्यायला पुण्याहून साहेब आला. खोलीत दाराशी आकाराम शिपाई उभा होता. काय झालं ते संध्याकाळी त्यानंच घरी येऊन सांगितलं.

"साहेबानं इचारलं. राव लई वेळ छताकडं बघत बसलं. मग माज्याकडं वळून म्हणालं, त्यांना सांग, ही गोज."

"तुला?" आक्का म्हणाली.

"मलाच की. मला इंग्रजी येतंय व्हय? साहेब म्हणालं, मला सांगा. तर राव पुन्यांदा माज्याकडंच. सात सवाल, सातीची उत्तरं मला दिली. माजी पार गाळण उडाली."

"आणि साहेब?"

"लिवलं त्यांनी, साहेबाशी बोलायला तयार न्हाईत. उद्यापासनं येऊ नका म्हणालं."

आकाराम गेला. गणपतराव भिंतीला टेकून बसले होते. आढ्याकडं बघत म्हणाले, "त्याला सांग, साती बरोबर हुती."

आक्का सुपातले तांदूळ पाखडू लागली.

"आणि सांग, सकाळी साडेसातला इचलकरंजीची मोटार हाय."

"आई, त्यांना सांग..." बळवंतानं सुरू केलं.

आक्कानं सूप खाली ठेवलं. "एकट्याला जादा म्हंजे काय, ते मला कळलं बगा आता," ती म्हणाली आणि आत गेली. बापलेक अंधार पडेपर्यंत समोरासमोर बसून राहिले. दिवा कुणी लावायचा, हे सांगायला मध्ये कुणी नव्हतं.

सकाळी बळवंत पत्र्याची ट्रंक घेऊन मोटारीत चढला. आतून नुसता पेटला होता. ही म्हातारी माणसं आपल्या ताठ्यापायी घर बुडवतात आणि पोरांना त्याखाली गाडतात. आपण मरू, पण असं होणार नाही, अशी त्यानं हातकणंगल्यापर्यंत तीनदा शपथ घेतली.

कंडक्टर पुढ्यात येऊन उभा राहिला. "कुठं पावणं?"

बळवंत मोटारीच्या छताकडं बघत राहिला. मग शेजारी वांग्यांची पाटी घेऊन बसलेल्या बाईकडं वळला.

"त्यांना सांगा, इचलकरंजी एक."

कंडक्टरनं आधी त्याच्याकडं बघितलं, मग बाईकडं. "मुकं हाय काय वो हे?"

"न्हाई," बाई पाटी सावरत म्हणाली, "शिकल्यालं दिसतंय."