दुसरा बूट

पालकसभेला निघायच्या वेळी उपमुख्याध्यापक स्वतःच्याच न्हाणीघरात अडकले.

शाळेत त्यांना 'कात्री' म्हणत. पुस्तकातलं जे पान खटकेल ते कापून काढायची त्यांची रीत होती, आणि त्यांना न खटकणारं पान अजून कुठल्या छापखान्यात छापलं गेलं नव्हतं. त्या संध्याकाळच्या सभेत त्यांना एक ठराव मंजूर करून घ्यायचा होता. जग बुडाल्यावर पोरं कशी जगतात असल्या सगळ्या कादंबऱ्या ग्रंथालयातून हद्दपार. ठराव झाला की मुख्याध्यापिकाबाईंनंतरची खुर्ची आपलीच, असा त्यांचा हिशेब होता.

पुरावा म्हणून त्यांनी मुलीच्या, ठकीच्या, उशीखालून एक जाडजूड कादंबरी जप्त केली. चाळायची, चार भिकार वाक्यं हेरायची, बस. पण घरात कुणादेखत ती हातात धरायची सोय नव्हती, आणि कडी असलेलं दार एकच, न्हाणीघराचं. ठकी दार लावून वाचत बसते म्हणून तिच्या दाराची कडी त्यांनीच उपटली होती, आणि सुताराला कशाला बोलवायचं म्हणून न्हाणीघराला स्वतःच्या हातांनी ठोकली होती. उलटी.

कादंबरी म्हणाल तर तिच्यात जग म्हणजे एक आटलेलं धरण. मोठी माणसं बरीचशी मेलेली, मेली नाहीत ती दुष्ट. अक्कल उरलेली कुणाला, तर पंधरा वर्षांच्या एका पोरीला, जी पहिल्याच पानावर एक बूट हरवते आणि उरलेली चारशे पानं लंगडत मानवजातीला वाचवते. दर प्रकरणाच्या शेवटी कुणीतरी कड्याला लोंबकळतं. पडत मात्र नाही, कारण पडलं तर पुस्तक संपेल. अन्न संपतं, पाणी संपतं, पोरीची वेणी तेवढी सुटत नाही.

कात्री उपड्या बादलीवर बसले. "फालतू," म्हणून त्यांनी पहिलं पान उलटलं. "महाफालतू," म्हणून दुसरं. पुढे त्यांचा आवाज बंद झाला. पुस्तकाच्या मध्यावर ते उठले आणि गळणारा नळ त्यांनी जीव खाऊन पिळला. धरण आटलेलं असताना एक थेंबही वाया जाणं त्यांना बघवेना.

दुपार उलटली तशी बायकोने दार वाजवलं. ती नर्स. आत आहात ना, म्हणून तिने पुन्हा पुन्हा विचारलं. पण त्या वेळी पुस्तकातली पोरगी नळकांड्यात दडलेली, डोक्यावर पहारेकऱ्यांचे बूट, आणि तिने श्वास रोखलेला. कात्रींनीही रोखला होता. न्हाणीघरात धडधाकट गेलेले आणि स्ट्रेचरवरून बाहेर आलेले पुरुष बायकोने पुष्कळ पाहिले होते. ती ठकीला म्हणाली, सुतारांना फोन लाव.

सुतार म्हटल्यावर कात्री भानावर आले. कडी ओढली, ढकलली, तिची आळवणीही केली. कडीची मूठ त्यांच्या हातात आली.

"मी ठणठणीत आहे. कडी अडकलीय."

"मग मघापासून तोंडाला काय झालं होतं?"

"विचार करत होतो."

"न्हाणीघरात?"

"ठरावाचा."

बायको सुताराची वाट बघायला फाटकाशी गेली. आता उघडता येतच नाही तर करायचं काय, अशी स्वतःची समजूत घालून कात्री पुन्हा बादलीवर बसले. पोरगी धरणाच्या तळाशी पोचली. लोखंडी दार किलकिलं झालं. आतून एक हात बाहेर आला, आणि त्या हातात तिचा हरवलेला बूट होता. प्रकरण संपलं.

तेवढ्यात दाराच्या फटीतून हलकेच आवाज आला. "बाबा, बूट आला का?"

कात्रींनी पुस्तक फटकन मिटलं. "कुठला बूट?"

"पुस्तक माझ्या उशीखाली नाही, तुम्ही दुपारपासून आत. एवढं कळतं मला."

फाटकाशी सुताराची स्कूटर थांबली. कात्री फटीशी वाकले. "ठके, वेळ नाही. हात कुणाचा ते सांग."

"आधी माझ्या दाराची कडी परत."

"बापाशी सौदा करतेस?"

"राहिलं. सभेत ठराव मांडा."

सुताराने बिजागऱ्या उचकटून दार आडवं केलं. कात्री पुस्तक छातीशी धरून बाहेर आले आणि म्हणाले, पुरावा आहे हा. सुतार कडीकडे बघत राहिला.

"ही ज्याने बसवली ना, त्याला आतच कोंडायला पाहिजे."

"कोंडलं होतं," बायको म्हणाली.

सभेला जाताना रिक्षात बायको मांडीला मांडी लावून बसलेली, त्यामुळे शेवटचं प्रकरण राहून गेलं. सभागृह मात्र भरलं होतं. कात्रींनी पुस्तक उंच धरलं. किती टाकाऊ आहे हे पटवायला त्यांनी गोष्ट सांगायला घेतली, आणि सांगता सांगता तेच लंगडायला लागले. नळकांड्यापाशी बायामाणसांनी पदर तोंडाला लावले. लोखंडी दार, हात, बूट. तिथे ते थांबले.

"मग?" मागून एका बापाने विचारलं.

"मग काय, असलाच भिकारपणा."

"पण हात कुणाचा?"

कात्रींना सांगता येईना. शेवट न वाचता ठराव कसा मांडलात, असं मुख्याध्यापिकाबाईंनी शांतपणे विचारलं, आणि पुस्तक तपासणीसाठी स्वतःच्या पिशवीत टाकलं. दुसऱ्या दिवशी त्या शाळेत आल्याच नाहीत. बरं वाटत नव्हतं म्हणे. त्यांच्यानंतर पुस्तक आपल्याला मिळावं म्हणून पालकांनी शिपायाकडे नंबर लावले होते. ठरावाचं नाव कुणी काढलं नाही, आणि खुर्चीचंही.

कात्री तडक सुताराकडे गेले. ठकीच्या दाराला कडी बसली, सुलटी, लोण्यात सुरी फिरावी तशी फिरणारी. ठकीने आत जाऊन ती लावून पाहिली.

"झालं ना मनासारखं? आता सांग, हात कुणाचा?"

"सांगते, बाबा. पण हा दुसरा भाग परवाच परत करायचाय. तेवढा संपू दे."

कडी जागची हलली नाही. आत पान उलटल्याचा आवाज आला.