चांगल्याला सोडतंय का?

पाळलेला कुत्रा आठवड्यात रद्द करणारे कादर सर हे लातुरातले एकमेव गृहस्थ. कुत्रा चोरावर भुंकला, पण दूधवाल्यावरही भुंकला. "वाईटाला धरणारे लई हायत, बिराजदार. चांगल्याला सोडतंय का, ते बघा," मला म्हणाले आणि कुत्रा मेव्हण्याकडे उदगीरला धाडला.

भूकंपानंतर सगळं गाव अंगणात झोपायचं. धक्का कळावा म्हणून सरांनी ताटलीवर पेले रचले. मांजर गेलं, पेले पडले, अख्खी गल्ली रस्त्यावर. "रद्द!" लुंगी सावरत सर ओरडले.

रद्द करण्याची ही खोड प्रयोगशाळेतली. त्याच वर्षी ते हैदराबादची नोकरी सोडून आले होते. मेंदूतल्या काही प्रथिनांची घडी चुकते, त्यांच्या गुठळ्या होतात आणि माणूस आपली माणसं विसरतो. ती चुकलेली घडी नेमकी पकडणारं प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, सर तयार करत. उंदराच्या प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशी न मरणाऱ्या पेशींशी जोडायच्या, त्यातली एक निवडून तिचंच कूळ वाढवायचं. म्हणजे प्रतिपिंडं सगळी एकसारखी.

पुढे माझ्या शिकवणीच्या क्लासात जीवशास्त्र शिकवताना ते यात रंगले की पोरं विचारत, "सर, हे परीक्षेला हाय का?"

"परीक्षेला न्हाई. म्हातारपणाला हाय."

सरांना तिथून हाकललं, असं गावात बोलत. मला खरं ठाऊक होतं, पण मी गप्प बसलो. हाकललेला मास्तर दुसरे क्लासवाले पळवत नाहीत. आता सर नाहीत, म्हणून लिहून ठेवतो. त्यांचं प्रतिपिंड चुकलेली घडी पकडायचं, पण सरांच्या स्वतःच्या धडधाकट रक्तालाही चिकटायचं. तिथले साहेब म्हणाले, "चालतंय, पाठवा पुढं." सरांनी ते रद्द केलं आणि राजीनामा दिला.

उतारवयात सरांच्या बायकोला, शमीमभाभींना, तोच विसराचा रोग जडला. दारात येईल त्याला त्या "चोर!" म्हणत. मला म्हणाल्या, दूधवाल्याला म्हणाल्या, उदगीरच्या सख्ख्या भावालाही म्हणाल्या. सरांना मात्र कधीच नाही. सर कौतुकाने सांगत, "बघा, चांगल्याला सोडते."

एका दुपारी मी त्यांच्यासोबत घरी गेलो. भाभींनी दार उघडलं, सरांकडे रोखून पाहिलं आणि किंचाळल्या, "चोर! चोर!" दार धाडकन लागलं.

सरांनी खिशातून कंगवा काढला, केस विंचरले, कॉलर नीट केली.

"एका तपासणीवर रद्द करत नसतात, बिराजदार," ते म्हणाले आणि त्यांनी हलकेच पुन्हा कडी वाजवली.