कदमताल आणि साहेबांची बदली

लाटांच्या बाबतीत मला कोणी काही शिकवायला येऊ नये. शाळा लवकर सुटली, पण भाजी शिजेपर्यंत काहीबाही वाचायची सवय सुटली नाही. आणि सध्या मी लाटा वाचत होते. पाणी पुढे जात नाही, ते जागच्या जागी खालीवर होतं, पुढे जातो तो फक्त धक्का, हे माझं घरातल्या प्रत्येकाला सांगून झालं होतं. जेवताना सांगायचं. भरल्या ताटावरून माणूस पळत नाही.

तेव्हा साहेबांची बदली माझ्याच देखरेखीखाली होणार, हे ओघानंच आलं.

साहेब म्हणजे सासूबाईंचा सोनेरी मासा. गाल फुगवून नुसती तोंडाची उघडझाप करतो, अगदी त्यांच्या जुन्या ऑफिसातल्या साहेबांसारखी. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासूबाई आतल्या खोलीत पडून आणि साहेब बाहेरच्या खोलीत. दोघांचंही अन्नावरचं मन उडालेलं. "खाल्लं का गं त्यानं?" म्हणून विचारायच्या आणि उत्तर ऐकून स्वतःचं ताट सरकवायच्या.

"फिशटँक आहे तसा उचलून त्यांच्या उशाशी नेऊ," मी म्हटलं. "पावलं जुळवून चालायचं, म्हणजे हिसका बसणार नाही."

पावलं जुळवायला याहून लायक माणूस मिळाला नसता. आमचे हे पीटीचे मास्तर. दूध आणायलासुद्धा कवायतीत जातात.

मी पुढे, उलटी चालत, हे मागे.

"डावा," हे म्हणाले. पाणी माझ्याकडे आलं. "उजवा." ते यांच्याकडे गेलं. पॅसेजच्या मध्यापर्यंत साहेब झोपाळ्यावर बसल्यासारखे या टोकाचे त्या टोकाला जायला लागले.

"अहो, पाणी उसळतंय."

"तुझं पाऊल चुकतंय. माझ्याकडे बघ. डावा."

मी पाऊल नीट जुळवलं. पुढची लाट माझ्या ब्लाउजच्या गळ्यातून आत गेली.

गार पाण्यानं डोक्यात प्रकाश पडला. झोपाळ्याला त्याच्याच ठेक्यात ढकललं की तो उंच उंच जातो. पाण्याचंही तेच! आमची पावलं नेमकी लाटेच्या ठेक्यात पडत होती. तिला आम्हीच खाऊपिऊ घालत होतो.

"पावलं चुकवा," मी म्हटलं.

"काय चुकवू?"

"बेशिस्त चाला हो. कसंही."

"जन्मभर पोरांना जुळवायला शिकवलं, आता मला चुकवायला जमणार आहे होय?"

बिचाऱ्यांनी प्रयत्न केला. दोन पावलं वेडीवाकडी पडली, तिसऱ्याला पाय आपोआप माझ्याशी जुळले. मग मी चुकवायला गेले, तर यांनी घाईघाईनं माझी चूक भरून काढली.

"थांबा!" मी दारातच ओरडले.

हे थांबले. टाच आपटून. पाण्याला कवायत येत नव्हती. ते माझ्या खांद्यावरून साहेबांना घेऊन सरळ खोलीत गेलं.

मागे वळून बघायचा मला धीर होईना. वळले, तर सासूबाई बसलेल्या. चादरीवर तडफडणारे साहेब त्यांनी अलगद ओंजळीत उचलले, उशाशी असलेल्या पाण्याच्या जगमध्ये सोडले आणि वाकून बघत राहिल्या. साहेबांनी एक गिरकी घेतली. वर येऊन तोंड उघडलं.

"भूक लागलीय गं त्याला. खाणं आण त्याचं. आणि मलाही वाढ काहीतरी."

मी फरशी पुसत असताना दोघं जेवली. शेवटचा घास संपवून सासूबाई म्हणाल्या, "अगं, एक विचारू? याला आधी झाकणाच्या डब्यात घालून आणला असता आणि मागून रिकामा टँक?"

हे माझ्याकडे बघायला लागले.

आता लाटांच्या पुस्तकात डब्यांवर एकही प्रकरण नाही, त्याला मी काय करणार?